परक्या तळ्याचा वास

झाकण काढणार असाल तर आधीच सांगते, दोन पावलं मागे सरका. मला हुंगून तोंड वाकडं करणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्याचं मला आता काही वाटत नाही. मी एक बरणी आहे. जाड काचेची, तळाला हिरवट झाक असलेली, डोक्यावर पत्र्याचं झाकण. पण माझ्या पोटात जे असतं त्याचे चार थेंब काठावरच्या चिखलावर पडले, की पाण्यातला सगळ्यात हुशार प्राणी आपली हुशारी विसरून धावत येतो. एवढं तुमच्या अत्तराला जमतं का, ते आधी सांगा.

मी बीव्हरच्या, म्हणजे ओढ्यावर लाकडांचे बांध घालणाऱ्या त्या प्राण्याच्या, गंधाची बरणी. वाळूटोकाच्या तळ्यावर सापळे लावणाऱ्या इलायच्या घरातली. क्री आदिवासींच्या या उत्तरेकडच्या थंड मुलखात घरोघरी माझ्यासारख्या असतील, नाही म्हणत नाही. पण वास उतरलेल्या, पातळ झालेल्या, कुणीतरी घाईघाईत भरलेल्या. माझ्यासारखी मीच.

जन्माने मी अशी नव्हते. रासबेरीच्या जॅमची बरणी म्हणून मी गावच्या दुकानात उभी होते, अंगावर लाल फळाचं चित्र वगैरे. इलायचं लग्न ठरलं तेव्हा मला विकत घेतलं, आणि लग्नाच्या चहाबरोबर, गरम बॅनक रोटीवर, पाहुण्यांनी मला एका दुपारीत रिकामं केलं. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. आता खिळे ठेवतील नाहीतर बटणं. पण नव्या नवरीने, फिलोमेनने, मला गरम पाण्याने घासलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ही जाड आहे. फुटायची नाही. हिच्यात तुझं ते भरू."

'तुझं ते' म्हणजे काय ते मला त्याच आठवड्यात कळलं. पहिल्या दिवशी मला स्वतःचीच शिसारी आली, खोटं कशाला बोलू. मग सवय झाली, आणि सवयीमागून गर्व आला.

बीव्हरच्या शेपटीखाली गंधाच्या दोन पिशव्या असतात. सुकल्या की सुक्या अंजिरासारख्या दिसतात. इलाय त्या जोडीने बांधून चुलीच्या वर टांगायचा. पण सापळे जरी इलायचे असले तरी मी फिलोमेनची. त्या पिशव्या बारीक चिरणं, दगडावर कुटणं, त्यात बीव्हरचंच तेल घालणं, वसंतात पॉप्लरच्या झाडाच्या चिकट कळ्या उकळून त्याचा अर्क मिसळणं, सगळं तिच्या हातचं. शेवटी ओढ्याकाठचा मूठभर पुदिना. तो का घालायचा हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही आणि विचारलं तर म्हणायची, "मला आवडतो म्हणून." घरात मला जागा नव्हती. छपराखाली बाहेरच्या खिळ्याला तारेने टांगलेली असायचे. तिथून तळं दिसायचं, वाळूचं टोक दिसायचं, येणारी जाणारी होडी दिसायची. मला ती जागा पसंत होती.

आता लोकांचा एक गैरसमज दूर करते. त्यांना वाटतं, मी बीव्हरला लालूच दाखवते. खायला काहीतरी आहे असं भासवून फसवते. छे. लालचीने येतात ते कोल्हे आणि मुंगसासारखे दिसणारे ते चोरटे प्राणी. बीव्हर येतो तो अपमानाने. वसंतात बर्फ सुटलं की प्रत्येक बीव्हर आपल्या काठावर चिखलाचा छोटा ढीग रचतो आणि त्याच्यावर आपला वास सोडून ठेवतो. म्हणजे पाटीच लावतो, की हे घर माझं. माझा मालक तसाच एक ढीग रचायचा, वर माझे थेंब टाकायचा आणि समोर उथळ पाण्यात सापळा ठेवायचा. घरचा धनी पोहत यायचा, त्याला वास लागायचा, आणि मग त्याच्या डोक्यात एकच गोष्ट उरायची: माझ्या काठावर कोण उपटसुंभ येऊन बसला? तो फुसफुसत, पाय आपटत, सरळ ढिगावर चालून यायचा. सावध प्राणी, पण रागापुढे सावधपणा टिकत नाही. माणसांचंही वेगळं नसतं, एवढं मी पाहिलंय.

इलायला एक भाऊ होता, धाकटा, हॉरेस. त्याचे सापळे तुटक्या होडीच्या तळ्यावर. आमच्याकडून तिथे जायचं तर मधे होडी खांद्यावर घेऊन रानातून चालावं लागतं. दर वसंतात, बर्फ मोकळं व्हायला लागलं की दोघे भाऊ त्या रानवाटेवर भेटायचे. आग पेटवायचे, चहा उकळायचे आणि एकमेकांना वाळलेल्या पिशव्या द्यायचे. इलाय आपल्या तळ्यातल्या हॉरेसला, हॉरेस त्याच्या तळ्यातल्या इलायला. देताना चिडवाचिडवी ठरलेली.

"घे. माझे बीव्हर तुझ्यासारखेच आहेत, वास आधी पोचतो आणि ते मागून येतात."

"आणि हे माझे. जपून उघड, नाहीतर वहिनी माझ्याकडे राहायला येईल."

फिलोमेन तिथेच बसलेली असायची, मांडीवर मला घेऊन. ती हसायची आणि दिराला म्हणायची, "यायला हरकत नाही भावजी, पण तुमच्या घरात झोपायला जागा कुठाय? सगळीकडे तुमचे मोजे." ती रीत का आहे हे तिला कधी कुणी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिला वाटायचं, भावांचं प्रेम आहे, देतात घेतात. मलाही तेच वाटायचं. मी तर त्यात मिरवायचे, की माझ्यासाठी दोन तळ्यांची माणसं इतकी चालून येतात.

मग इलाय गेला. शरदात, पानं पिवळी पडून गळायच्या बेताला, छातीत कळ येऊन होडीतच. फिलोमेनने त्याला वाळूच्या टोकावर पुरायचं ठरवलं. तरुणपणी त्याचा तंबू तिथे असायचा, बर्चच्या झाडांमधे, आणि दोन-तीनदा तरी तो म्हणाला होता की मला इथेच ठेव. गावातून माणसं आली, पाद्री आला, हॉरेस आला. सगळं छपराखाली टांगलेल्या अवस्थेत मी ऐकलं.

"वहिनी, त्याला गावात नेऊ," हॉरेस म्हणाला. "आईबापाशेजारी. टोकावरची जागा खोलगट आहे. एक ना एक दिवस पाणी येणार तिथे."

"तो तिथे निजायचा. तिथेच निजेल."

"मग पाण्यात निजेल."

"भावजी," फिलोमेन म्हणाली, "भाऊ तुमचा होता, पण नवरा माझा होता. मी सांगते तिथे तो राहील."

हॉरेसने खड्डा खणायला हात लावला, भावाला मातीत ठेवताना दोर धरला. पण नंतर सगळे जेवायला बसले तेव्हा तो टोपी डोक्यावर घालून होडीत जाऊन बसला. फिलोमेनने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं, मूस या थोरल्या हरणाच्या मांसाचं कालवण आणि बॅनक. ते तसंच राहिलं. मयताच्या घरचं जेवण न घेता उठणं म्हणजे आमच्यात दार लावून घेणं. त्याने लावलं, आणि हिने आतून कडी घातली.

त्या वसंतात रानवाटेवर कुणी भेटलं नाही. पुढच्याही नाही.

फिलोमेन मात्र खचून बसणाऱ्यांतली नव्हती. डोरीन, तिची लेक, शहरात नोकरीला होती, ती म्हणाली माझ्याकडे ये. ही म्हणाली, तुझ्याकडे लिफ्ट आहे आणि मला गुडघे आहेत, दोन्हीचा उपयोग एकाच घरात कशाला. ती आपली तळ्यावर राहिली. नवऱ्याचे सापळे काढले, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून स्वतः लावायला लागली. मला जुना साठा पुरला तोवर मी पूर्वीसारखंच काम केलं. मग तळाला लागले. तेव्हा तिने त्या हिवाळ्यात मिळालेल्या पिशव्या कुटून मला भरलं. पिशव्या आमच्याच तळ्यातल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताजा माल, तोच हात, तोच पुदिना. मी खिळ्याला लटकून वसंताची वाट पाहत राहिले.

बर्फ सुटलं आणि एक नवंच संकट दिसलं. तळ्यातून जिथे ओढा बाहेर पडतो तिथे एका बीव्हरने बांध घातला होता. शरदापासूनच घालत असावा, बर्फामुळे कळलं नव्हतं. वितळलेलं पाणी अडलं आणि तळं वर चढायला लागलं. वाळूचं टोक दर दिवशी थोडं आखूड दिसू लागलं. इलायच्या कबरीभोवती फिलोमेनने लाकडी कुंपण केलं होतं, पांढरं रंगवलेलं. एका सकाळी पाणी त्या कुंपणाच्या पुढच्या खांबांना लागलं.

ती त्या दिवशी तिथे बराच वेळ उभी होती. मग कुऱ्हाड आणि आकडा घेऊन ओढ्यावर गेली आणि बांध फोडला. दमून परत आली. सकाळी बांध जसाच्या तसा, वर दोन ओंडके जास्त. तिने पुन्हा फोडला, त्याने पुन्हा घातला. डोरीनने शहरातून कळवलं, आई, कबर वर हलवू. फिलोमेन म्हणाली, एकदा निजवलेल्या माणसाला मी उठवणार नाही. म्हणजे आता एकच मार्ग उरला होता, आणि तो माझ्या झाकणाखाली होता.

तो बीव्हर म्हातारा होता. पुढच्या एका पंजाची दोन बोटं कुठल्यातरी सापळ्यात ठेवून आलेला. अशा बीव्हरला सापळा काय असतो ते कळतं. फिलोमेनने काठावरून पाण्यात उतरायच्या त्याच्या घसरगुंडीवर सापळा लावला तर त्याने त्यावर चिखल आणून टाकला. फांदीखाली लावला तर काटकी घालून मिटवला, आणि काटकी तिथेच सोडली, जणू उपकार केले. असल्या अनुभवी म्हाताऱ्याचा सावधपणा मोडायचा तर त्याला राग आणायला हवा, आणि राग आणणं हे माझं खातं. फिलोमेनने त्याच्या घरासमोर चिखलाचा ढीग केला, माझं झाकण काढलं, काडीने थेंब टाकले. मला तिथेच, जरा मागे, दगडाआड ठेवलं आणि स्वतः इलायची बंदूक घेऊन वाऱ्याच्या उलट बाजूला झुडपात बसली. सापळा चुकला तर बंदूक, असा बेत होता. मी मनात म्हटलं, बंदुकीची गरज पडायची नाही बाई, मी आहे ना.

मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळ रेंगाळते. पाण्यावर उजेड होता तेव्हाच तो आला. नाक वर, पाण्यात मागे रेघ. काठाजवळ आल्यावर थांबला. हुंगलं. आता फुसफुसेल, आता उडी मारेल, म्हणून मी वाट पाहिली. त्याने सापळ्याला वळसा घातला, हळूच वर आला आणि ढिगाशेजारी बसला.

बसला म्हणजे खरंच बसला. ढीग विस्कटला नाही, त्याच्यावर आपला वास सोडला नाही. नाक त्याच्या अगदी जवळ नेलं आणि तसंच ठेवलं. मग मागे टेकून पोटावरचे केस विंचरायला लागला, घरात असल्यासारखा. मधूनच पुन्हा नाक ढिगाला लावायचा. मला त्या वेळी जो अपमान वाटला तो मी कधी विसरणार नाही. आजवर मी ज्यांना ज्यांना बोलावलं ते सगळे भांडायला आले होते. हा माझ्याशेजारी येऊन निवांत बसला होता.

झुडपातून फिलोमेनने बंदूक उचलली. नेम धरलेला मला दिसत होता. इतक्या जवळून तिचा नेम चुकायचा नाही. मग तिने बंदूक खाली केली.

तो गेल्यावर ती आली, ढिगाजवळ बसली आणि माझं झाकण काढून मला नाकाशी धरलं. फार वेळ. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून माझ्याही. हिवाळ्यात बर्फाखालून तिने ज्या मादीला काढलं होतं ती याच घरातली. माझ्या पोटात याची बायको होती. तो कुणा परक्याला हाकलायला आलाच नव्हता.

"भांडायला आलेल्याला घेता येतं," फिलोमेन मला म्हणाली. तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझ्याशीच बोलली असं मी धरते. "बसायला आलेल्याला नाही."

आणि मग दुसरी गोष्ट तिला कळली. रानवाटेवरची देवाणघेवाण का होती ती. आपल्या तळ्यात आपल्याच तळ्याचा वास चालत नाही. आपल्या माणसावर कुणी चवताळून येत नाही. परका वास लागतो, आणि तो परक्या तळ्यावरूनच आणावा लागतो. परकं तळं म्हणजे हॉरेसचं. त्याच्याकडे जायचं म्हणजे त्याच्या समोर उभं राहून सांगायचं की पाणी आलं. तो म्हणाला होता तसंच आलं.

ती संध्याकाळभर चुलीपुढे बसून होती. बाहेर टांगलेली मी वाट पाहत होते, की ही आता काय करते. फिलोमेनचा ताठा मला चांगला माहीत, कारण माझा त्याच कारखान्यातला. सकाळी तिने बॅनक भाजली, कालवणाचं भांडं कापडात गुंडाळलं, मला खिळ्यावरून काढून पिशवीत घातलं आणि होडी पाण्यात लोटली. जाताना टोकावरून गेली. कुंपणाच्या आत, कबरीच्या पायथ्याशी पाणी चकाकत होतं.

हॉरेस दाराबाहेर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने तिला येताना लांबूनच पाहिलं असणार, पण मान वर केली ती ती पुढ्यात उभी राहिल्यावर. म्हातारा झाला होता. केस पांढरे, जाळ्याच्या गाठी डोळ्याजवळ धरून मारत होता.

"पाणी कुंपणाला लागलंय," फिलोमेन म्हणाली. "आत आलंय."

मी श्वास रोखला, म्हणजे रोखता आला असता तर रोखला असता. तो आता म्हणणार होता ते वाक्य त्याने तीन वसंत तोंडात धरलं होतं आणि ते म्हणायचा त्याला हक्क होता. हॉरेसने जाळं बाजूला ठेवलं. तिच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं.

"त्यात काय आहे?"

"कालवण. मूसचं."

"मग आधी वाढ, वहिनी. त्या दिवशी उपाशी उठलो होतो. अजून भूक आहे."

तिने तिथेच, जमिनीवर, वाढलं. तो जेवला. सगळं जेवला, भांडं बॅनकच्या तुकड्याने पुसून घेतलं. तिने मधे डोळे पुसले ते त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून जाळ्याकडे बघितलं. मग चहा झाला आणि तिने त्याला म्हाताऱ्या बीव्हरची सगळी हकीकत सांगितली, बंदुकीपर्यंत.

"म्हणजे बंदूक नुसती फिरायला नेली होतीस," हॉरेस म्हणाला.

"हसा तुम्ही. तुम्ही मारला असतात का?"

त्याने चहाचा गाळ जमिनीवर ओतला. "नसता मारला," म्हणाला.

"इलायने मला कधी सांगितलं नाही हो, अदलाबदल कशासाठी ते."

"त्याला तरी कुणी सांगितलं होतं? बाप करायचा, आम्ही करत गेलो. मला तर वाटायचं तो मला भेटायला येतो." एवढं बोलून तो उठला, घरात गेला आणि चुलीवरच्या दोरीवरून गंधाच्या पिशव्या काढून आणल्या. जोड्या होत्या, वेगवेगळ्या वर्षांच्या, जुन्या काळ्या पडलेल्या आणि नव्या तपकिरी. "दर वर्षी इलायची म्हणून बाजूला काढत होतो. तू येशील म्हणून नाही. हाताला सवय."

माझ्या पोटातलं जे होतं ते फिलोमेनने फेकलं नाही. परत आल्यावर होडी त्या म्हाताऱ्या बीव्हरच्या घराजवळ नेली आणि मला पाण्यावर तिरकं करून सगळं तिथे सोडलं, जसं आम्ही बीव्हरची हाडं पाण्यात परत देतो, कुत्र्यांना न घालता. मग मला राखेने आणि उकळत्या पाण्याने इतकं घासलं की लग्नातल्या जॅमपासूनचं सगळं निघून गेलं असेल. मला ते आवडलं नाही. इतक्या वर्षांची कमाई कुणी घासून काढली तर कुणाला आवडेल? पण तिने हॉरेसच्या पिशव्या कुटून भरल्या, झाकण लावलं, आणि मी पुन्हा जड झाले तेव्हा मला कळलं की आता मी घरची नाही. तुटक्या होडीच्या तळ्यावरची एक उद्धट, अनोळखी बाई म्हणून मी त्या म्हाताऱ्याच्या काठावर जाणार होते. माझं खरं काम तेच.

हॉरेस सोबत आला होता. ढीग त्याने रचला, सापळा तिने लावला, थेंब मी दिले. दोघे झुडपात बसले. बंदूक या वेळी नव्हतीच.

तो आला, आणि पाण्यातच थांबला. नाक वर, एकदा, दोनदा. मग त्याने शेपटी पाण्यावर अशी आपटली की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. वळसा नाही, चिखल नाही, काटकी नाही. तो सरळ आला, फुसफुसत, छाती पाण्याबाहेर काढून, म्हातारा असून एखाद्या तरण्यासारखा. या वेळी तो भांडायला आला होता आणि आपल्या घरासाठी भांडत आला होता. मला त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला मला लाज नाही. माझाही वाटला. ढिगाला त्याचा पंजा लागायच्या आधी सापळा मिटला, त्याच्या वजनाने त्याला खोलात नेलं आणि पाण्याने बाकीचं लवकर उरकलं.

फिलोमेनने आमच्या रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली आणि त्याचे आभार मानले, मोठ्याने, नाव घेतल्यासारखे. हॉरेसने टोपी काढून हातात धरली होती. बीव्हरची शेपटी त्या दोघांनी आगीवर भाजून खाल्ली, मांस शिजवलं, हाडं त्याच्याच घरासमोर पाण्यात दिली. दुसऱ्या दिवशी बांध फोडला. या वेळी तो फुटलेलाच राहिला.

पाणी उतरायला बरेच दिवस गेले. हॉरेस तेवढे दिवस थांबला. कुंपणाचे पुढचे खांब कुजले होते ते बदलले, कबरीवर वरून कोरडी वाळू आणून टाकली, आणि ती टाकताना भावाशी काहीबाही बोलत होता, ते मला ऐकू आलं नाही आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं. फिलोमेनने त्या म्हाताऱ्या बीव्हरच्या पिशव्या वाळवल्या, कुटल्या, पुदिना घातला. मला वाटलं आता मी पुन्हा माझ्या खिळ्यावर. पण निघायच्या दिवशी तिने मला छपराखालून काढलं आणि हॉरेसच्या हातात ठेवलं. आपली बरणी, लग्नातली, तिने अशी सहज देऊन टाकली.

"आमच्या तळ्यावरचा सगळ्यात तापट आहे आत," ती म्हणाली. "तुमच्याकडच्यांना जड जाईल."

हॉरेसने मला होडीत पायाशी ठेवलं. होडीच्या छोट्या मोटारीची दोरी ओढायला हात नेला आणि तसाच थांबला. वाळूच्या टोकाकडे बघत होता.

"वहिनी, तिथे अजून एकाला जागा आहे का?"

 गावातल्या दफनभूमीचा, आईबापांशेजारच्या जागेचा, टोकाच्या खोलगटपणाचा फिलोमेनने उल्लेखही केला नाही. ती जिंकली होती आणि तिने ते त्याला दाखवलं नाही. एवढा मोठेपणा मी माणसांत फार पाहिलेला नाही.

"आहे," ती म्हणाली. "पण रांगेत मी आधी, भावजी. घुसायचं नाही."

तो हसला, आणि होडी निघाली.

आता मी तुटक्या होडीच्या तळ्यावर असते. इथे छपराखाली खिळा नाही, एका खोबणीत ठेवलंय, आणि सगळीकडे खरंच मोजे आहेत. वसंतात इथल्या बीव्हरांना माझा राग आलेला मी पाहिला आणि भरून पावले. म्हातारा जसा आला होता तसेच आले, छाती काढून. माझं काही मागणं नाही. वास सहन होत नसेल तर मला बाहेर ठेवा, नावं ठेवा, झाकण घट्ट करा. फक्त बर्फ सुटायला लागलं की मला होडीत घाला आणि रानवाटेवर न्या, तिथे ती बाई चहाचं पाणी ठेवून बसलेली असेल. शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. मलाही भरून पाठवा.